कॅमेऱ्याविना छायाचित्र

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे शिस्त, निकाल किंवा इंग्रजीचा कच्चा पाया यांपैकी एखादा विषय येणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज छायाचित्रणावर बोलणार आहे. तेही अशा छायाचित्रांवर, की ज्यांत माणूस नसतो, देखावा नसतो, आणि ती काढायला कॅमेराही लागत नाही. हा विषय हौशी आणि सुखवस्तू लोकांचा. आपल्या अंधेरी-जोगेश्वरीच्या, कुर्ला-घाटकोपरच्या मुलांना त्याचा काय उपयोग, अशी शंका आपल्या मनात येईल. ती शंका रास्त आहे. तिचे उत्तर देणे एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

मुलाने कागदावर काही काढून आणले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "हे कशाचे चित्र आहे?" मूल म्हणते, डोंगर. आपण म्हणतो, छान. येथे आपले पाहणे संपते. डोंगराची रेघ कागदाच्या कोणत्या बाजूला झुकली आहे, वर किती जागा मोकळी राहिली आहे, पेन्सिल कोठे दाबली गेली आणि कोठे हलकी चालली, हे आपण पाहिलेलेच नसते. वस्तूचे नाव कळले की डोळ्यांना सुट्टी मिळते. मूल आपल्याकडूनच हे शिकते. आज बहुतेक घरांत मोबाइल आहे आणि त्यात शेकडो फोटो आहेत. पण ते फोटो आपण पाहत नाही, ओळखतो. हा मामा, ही चौपाटी, हा वाढदिवसाचा केक. ओळखणे आणि पाहणे यांत फरक आहे, आणि तो मुलाला शिकवण्याची सोय आपल्या वेळापत्रकात फारशी नाही. ज्या चित्राला नावच देता येत नाही ते चित्र मात्र पाहावेच लागते. म्हणून अमूर्त चित्राची गरज.

छाया आणि चित्र

'फोटोग्राफी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. मराठीने 'छायाचित्र' हा शब्द पत्करला. परकी भाषा उजेडाकडे पाहत होती, आपल्या भाषेने सावली पाहिली. कागदावर एखादी वस्तू ठेवून तिची सावली थेट कागदावर उतरवून घेतली, तर त्या चित्राला हे नाव अक्षरशः लागू पडते. कलावंत अशा चित्राला 'फोटोग्राम' म्हणतात.

छायाचित्रणाची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे अंधारी पेटी आणि तिला पडलेले लहानसे छिद्र. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत हयात घालवलेले इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा थोर ग्रंथ लिहिला. सूर्यग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून पडणारा कवडसा कोरीसारखा का दिसतो, याचीही त्यांनी चिकित्सा केली. आजचा कॅमेरा त्याच अंधाऱ्या पेटीचा वंशज आहे. दुसरे अंग म्हणजे प्रकाश लागताच रंग बदलणारा पदार्थ. आपल्या घरातल्या गृहिणींना हे अंग पाठ आहे. शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि कपडा उन्हात वाळत घातला की फिका होऊन जातो. हा डाग उडवणारे ऊन आणि फोटोचा कागद काळा करणारा प्रकाश यांचे नाते जवळचे आहे.

कॅमेऱ्याविना छायाचित्र ही आजकालची टूम आहे असे कोणी समजू नये. खरे तर छायाचित्रणाची सुरुवातच तेथून झाली. टॉमस वेजवुड या इंग्रज गृहस्थाने चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर आणि चामड्यावर पाने व किड्यांचे पंख ठेवून त्यांचे ठसे घेतले. हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. पण ते ठसे टिकवायचे कसे, हे दोघांनाही साधले नाही. उजेडात आणले की सारा कागद काळा पडे. पुढे १८३४ पासून हेन्री फॉक्स टॅलबट यांनी पाने आणि लेस यांचे ठसे टिकवण्यात यश मिळवले. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहक्षारांपासून निळे चित्र उमटवण्याची रीत शोधली. तिला सायनोटाइप म्हणतात. इंजिनिअरच्या टेबलावरची 'ब्लू प्रिंट' याच रीतीतून निघाली. दुसऱ्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांचे असे निळे ठसे घेऊन पुस्तक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. छायाचित्रे असलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून त्याची गणना होते, आणि त्यातल्या ठशांसाठी कॅमेरा वापरलेला नाही.

ॲटकिन्सबाईंना शेवाळ ओळखता यायला हवे होते. विसाव्या शतकातल्या कलावंतांनी ती अटच काढून टाकली. ॲल्विन लँगडन कोबर्न यांनी १९१७ साली आरशांच्या साह्याने असे फोटो काढले की त्यांत मूळ वस्तू हरवून केवळ आकार उरावेत. १९१९ च्या सुमारास क्रिस्तियान शाड यांनी, आणि १९२२ च्या आसपास पॅरिसमध्ये मॅन रे यांनी व बर्लिनमध्ये लास्लो मोहोली-नॉज यांनी कागदावर वस्तू मांडून, वर दिवा लावून, नुसत्या उजेड-अंधाराची चित्रे केली. मोहोली-नॉज हे पुढे जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिक्षक झाले, हे येथे जमलेल्या शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. त्यांच्या दृष्टीने ही खेळातली गंमत नव्हती. डोळ्यांचे शिक्षण होते.

मुंबईतला प्रयोग

हे सारे युरोपात झाले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडेही झाले, आणि याच शहरात झाले.

चित्रकार अकबर पदमसी हे मुंबईचे. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या रकमेतून त्यांनी १९६९ साली नेपियन सी रोडवर एक कार्यशाळा चालू केली. 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' असे तिचे नाव. १९७२ पर्यंत ती चालली. पैसा हाती आल्यावर एखाद्याने स्वतःच्या चित्रांसाठी मोठा स्टुडिओ बांधला असता. पदमसींनी चित्रकार आणि सिनेमाचे लोक एका छपराखाली आणले, त्यांच्या हाती साधने दिली आणि एकमेकांचे काम पाहायला लावले. त्यांनी स्वतः तेथे 'सिझिजी' नावाचा मूकपट केला. त्यात ना नट, ना गोष्ट. केवळ रेषा आणि आकार हलतात.

त्याच कार्यशाळेत नलिनी मलानी नावाची एक तरुणी होती. तिचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर कुटुंब भारतात आले. १९६९ साली ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिक्षण पुरे करून बाहेर पडली होती. जे. जे.मध्ये रंग आणि कुंचला शिकलेल्या या मुलीने कार्यशाळेत येऊन कॅमेरा न वापरता छायाचित्रे केली, आणि पुठ्ठ्याच्या घरांच्या प्रतिकृतीवर रंगीत उजेड पाडून 'ड्रीम हाउसेस' हा छोटा चित्रपट केला. पुढे १९७६ साली तिने मुंबईच्या वस्तीचे काळेपांढरे चित्रण केले आणि त्या स्वप्नातल्या घरांशेजारी ते मांडले. त्या जोडचित्रपटाचे नाव 'युटोपिया'. २०२३ साली नलिनी मलानी यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. एवढ्या वाटचालीच्या आरंभी कागद, सावली आणि दिवा होता, हे मला आपल्या नजरेस आणायचे आहे.

दुसरे नाव नसरीन मोहमदी यांचे. त्याही कराचीत जन्मल्या, १९३७ साली. लंडन आणि पॅरिस येथे शिकल्या, मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये राहून काम केले आणि १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या विद्यापीठात कला शिकवली. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. शाई आणि पेन्सिलीने काढलेल्या त्यांच्या रेषा जगात गाजल्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत त्यांच्या कामाचे प्रदर्शन होते. पण नसरीनबाई फोटोही काढत, आणि ते त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. समुद्रकाठची वाळू, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीचे दगडी चौथरे. त्यांनी कॅमेरा वापरला खरा, पण चौकट अशी धरली की ठिकाणाचे नाव गळून पडावे आणि रेषा तेवढ्या उराव्यात. फत्तेपूर सिक्री पाहायला जाणारे पाहुणे बुलंद दरवाजासमोर उभे राहून फोटो काढतात. या बाईंनी पायाखालची फरशी पाहिली.

म्हणजे वाटा दोन. कॅमेरा असेल तर चौकट आवळून वस्तूचे नाव पुसायचे. कॅमेरा नसेल तर सावलीच कागदावर घ्यायची. दोन्ही वाटांवर चालायला आधी मुळाक्षरे गिरवावी लागतात.

चित्राची मुळाक्षरे

रेषा, आकार, पोत, छायाभेद, अवकाश, लय आणि तोल ही ती मुळाक्षरे. चित्रकलेच्या शिक्षकांना ती ठाऊक आहेत. मुलांना ती पुस्तकातून पाठ करायला लावली की लगेच विसरतात. म्हणून मी ती उपनगरातच दाखवतो.

रेषा पाहायची तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखी जागा नाही. सुमारे २०० फूट उंचीचा काळ्या दगडाचा हा सुळका सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. रस थिजताना त्याला उभ्या भेगा पडल्या आणि खांबामागून खांब उभे राहिले. आता भोवती इमारतींची दाटी आहे. मुलांना मी सांगतो, टेकडी विसरा आणि उभ्या रेघा मोजा. कोठे जवळ आहेत, कोठे लांब? एखादी मोडलेली आहे का? आडव्या आणि तिरप्या रेषांसाठी रेल्वे स्थानकाच्या पुलावर उभे राहून रुळांवरच्या तारा पाहाव्या.

आकार पाहायचा तर भरलेल्या गाडीतल्या कड्यांच्या रांगेकडे पाहावे. पोतासाठी गंजका पत्रा, ओले गोणपाट, पोपडे सुटलेली भिंत. छायाभेद म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या. संध्याकाळी एका भिंतीकडे पंधरा मिनिटे पाहिले तर त्या उतरताना दिसतात. अवकाश म्हणजे वस्तूंच्या मधली मोकळी जागा. आपल्या दाट वस्तीत मोकळी जागा नाही अशी आपली तक्रार असते. पण दोन चाळींच्या मधल्या बोळातून वर पाहावे. आभाळाचा जो तुकडा दिसतो त्यालाही आकार आहे. लय म्हणजे पुनरावृत्ती: जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, जाळीची छिद्रे. तोल म्हणजे चौकटीतले वजन. एका बाजूला मोठा फिका आकार असला तर दुसऱ्या बाजूला लहानसा गडद ठिपकाही त्याला पुरा पडतो.

यासाठी साधन एकच. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात दोन इंच बाय तीन इंचांची खिडकी कापायची. ती डोळ्यासमोर धरून वर्ग, व्हरांडा, रस्ता पाहायचा. खिडकीत जे दिसते त्यात वस्तूचे नाव न घेता पाच वाक्ये लिहायची. 'झाड' म्हणायचे नाही, 'बस' म्हणायचे नाही. सुरुवातीला मुलांना दोन वाक्येही जमत नाहीत. महिन्याभरात दहा होतात. मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझा यात दुहेरी लाभ आहे. 'वाकडा, तिरपा, निमुळता, विरळ, दाट, खरखरीत, फिकट' हे शब्द निबंधातही उतरू लागतात.

कृती

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. पूर्वी हे काम डार्करूममध्ये होत असे, आणि सोय असेल तेथे आजही करता येते. लाल दिव्याखाली साधा ब्रोमाइड कागद उघडायचा. त्याच्यावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही. कागदावर वस्तू मांडायच्या, वरून काही सेकंद पांढरा दिवा लावायचा, मग कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा. उजेड लागलेला भाग काळा होतो, सावलीचा पांढरा राहतो. मग हायपोच्या द्रावणात ठेवून भरपूर पाण्याने धुतला की चित्र पक्के. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद एके काळी गल्लीगल्लीच्या स्टुडिओत मिळे. तो कारखाना आता बंद झाला आहे, आणि असा कागद शोधावा लागतो. शाळेसाठी म्हणून मी हर्शेलची निळी रीत सुचवतो.

फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या जातीचे, २५ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम घेऊन वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. दोन्ही तपकिरी बाटल्यांत अलग ठेवावे. काम करायच्या वेळी दोहोंचे समान भाग एकत्र करून, खिडक्या लावलेल्या खोलीत मंद पिवळ्या दिव्याखाली, जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने पातळ थर द्यावा आणि कागद कपाटात वाळू द्यावा. ही तयारी शिक्षकानेच करावी, हातमोजे घालून करावी, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, आणि या रसायनांजवळ ॲसिड किंवा जाळ येऊ देऊ नये. वाळलेला पिवळसर-हिरवा कागद मुलांच्या हाती द्यावा. त्यावर वस्तू मांडून, शक्य तर वर काच ठेवून, कडक उन्हात दहा ते वीस मिनिटे ठेवावा. मग पाण्यात धुवावा. पिवळटपणा निघून जातो. ऊन लागलेली जागा गडद निळी होते आणि सावली पांढरी उमटते. पावसाळ्यात हे काम रखडते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम.

एवढेही नको असेल तर हळद आहे. हळदपूड स्पिरिटमध्ये कालवून फडक्याने गाळावी आणि कागदाला लावून वाळवावी. स्पिरिट पेट घेते, म्हणून हेही मोठ्यांनी आणि चुलीपासून दूर करावे. वर पाने ठेवून काही तास उन्हात ठेवले की उघडा भाग फिका होतो. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा हात दिला की झाकलेली जागा तांबूस होऊन उठून दिसते. हे चित्र कायम टिकत नाही. मुलांना त्याचे दुःख होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या तासाला वस्तू मांडू नयेच. कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा ठेवून तो दोन, चार, आठ आणि सोळा मिनिटांनी थोडा थोडा सरकवावा. धुतल्यावर निळ्या रंगाच्या पायऱ्या मिळतात. छायाभेद म्हणजे काय, हे मग फळ्यावर सांगावे लागत नाही.

त्यानंतर वस्तू. किल्ली ठेवली तर किल्लीच दिसते आणि पाहणारा "किल्ली" म्हणून मोकळा होतो. म्हणून वस्तू निवडताना नाव सहज ओळखू येणार नाही अशा तऱ्हेने मांडावी. कंगवा आडवा न ठेवता उभा धरावा. काचेची बांगडी अर्धा उजेड आत सोडते, म्हणून तिच्या कडेला फिकट वलय उमटते. कांद्याचे साल, तेल लावलेला कागद, मच्छरदाणीचा तुकडा, पुस्तकात ठेवून जाळीदार झालेले पिंपळाचे पान, यांतून निरनिराळ्या छटा येतात.

येथे विज्ञानाच्या शिक्षकांनी हात द्यावा. सूर्य हा बिंदू नाही. तो आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून कागदाला टेकलेल्या वस्तूची कड धारदार उमटते, पण कागदापासून १० सेंटिमीटर उंच धरलेल्या वस्तूची कड जवळजवळ एक मिलिमीटर पसरते. शिवाय सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पंधरा मिनिटांत त्याच १० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूची सावली सहा मिलिमीटरहून अधिक सरकलेली असते, आणि कागदावर तिची गती निळ्या-पांढऱ्या धुरासारखी उमटते. मुलाने काढलेल्या चित्रात पृथ्वीचे फिरणे दिसते, हे भूगोलाच्या तासाला दाखवण्यासारखे नाही काय?

उपयोग काय?

आता मघाच्या शंकेकडे येतो. पालक विचारतात, याचे गुण किती? शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत संकल्पचित्राची प्रश्नपत्रिका असते. आकारांची मांडणी समजलेल्या मुलाला तेथे फायदा होतो, हे उत्तर मी देऊ शकतो. पण ते उत्तर अपुरे आहे, म्हणून एक हकीकत सांगतो.

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. चित्रकलेत तो कच्चा म्हणून प्रसिद्ध. हात चालत नाही, असे तो स्वतःही म्हणे. त्याचे वडील जरीकामाच्या कारखान्यात कारचोबवर बसणारे कारागीर. निळ्या कागदाच्या दिवशी सर्वांनी पाने आणि बांगड्या आणल्या. याने कागदाच्या पुडीतून टिकल्या आणि जरीच्या तारेचे उरलेसुरले तुकडे आणले. त्याने टिकल्या एका कोपऱ्यात दाट आणि पुढे विरळ होत जातील अशा पसरल्या, तारेची वेटोळी मध्ये टाकली. वाऱ्याने काही टिकल्या हलल्या, त्यांच्या जागी फिकट ठसे उमटले. धुतलेला कागद तारेवर वाळत घातल्यावर वर्गातली मुले विचारू लागली, "कशाचं आहे रे हे?" तो म्हणाला, "कशाचंच नाही. बघा ना."

पालकसभेच्या दिवशी त्याचे वडील आले. आतापर्यंत ते आले की मान खाली घालून गुण ऐकून जात. त्या दिवशी ते भिंतीवरच्या निळ्या कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. मग मला हिंदीत म्हणाले, उजव्या बाजूला माल जास्त झाला आहे, येथे तीन टिकल्या कमी हव्या होत्या. मी पाहिले, तर त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. तोल आणि अवकाश हे शब्द त्यांना कोणी शिकवले नव्हते. ती विद्या त्यांच्या बोटांत वीस वर्षे होती, आणि शाळेने त्यांना त्याविषयी कधी विचारले नव्हते.

शिक्षक बंधूंनो, माझ्या मते उपयोग हा आहे. आपल्या उपनगरांत कोणाचे वडील वेल्डिंग करतात, कोणाची आई कपडे बेतते, कोणाचे काका लाकडावर कोरीव काम करतात, कोणाचा भाऊ गाड्यांना रंग देतो. या सर्वांना रेषा, पोत आणि लय यांची पारख आहे. शाळेत शिरताना मूल ती पारख उंबऱ्याबाहेर ठेवून येते, कारण पुस्तकात ती विचारलेली नसते. ज्या चित्राला 'कशाचे' हा प्रश्न लागू होत नाही, त्या चित्रापुढे शिकलेला आणि न शिकलेला एकाच रांगेत उभे राहतात, आणि पुष्कळदा न शिकलेलाच अधिक पाहतो.

कोणी म्हणेल, पाने टाकून उन्हात ठेवणे कोणालाही जमेल, त्यात कला कसली? जमेल खरेच. पहिले चित्र सूर्य काढतो. दुसरे चित्र काढताना मूल विचार करते की ही वस्तू येथे का, तेथे का नाही. तिसऱ्या वेळी ते एक वस्तू काढून टाकते. काढून टाकता येणे ही शिक्षणाची फार पुढची पायरी आहे. आपल्या निबंधांतून अनावश्यक वाक्य काढून टाकणारी मुले आपल्याला किती भेटतात?

आणखी एक आक्षेप असा की, मोबाइलवर एका बोटात हजार परिणाम मिळतात, मग ही खटपट कशाला? मोबाइलला माझा विरोध नाही. खिडकीचा पुठ्ठा वापरायला शिकलेले मूल मोबाइलनेही चांगली अमूर्त छायाचित्रे काढते, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी जरूर काढावी. पण मोबाइल चित्र आधी देतो आणि निवड नंतर मागतो. हाताने थर दिलेला कागद एकच असतो. तो उन्हात नेण्यापूर्वी मुलाला ठरवावे लागते. शिवाय मोबाइल ज्याच्या घरी नाही, किंवा घरात एकच असून तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या मुलाला किंवा मुलीला आपण वर्गात मागे बसवायचे काय? सूर्य कोणाच्याही मालकीचा नाही.

म्हणून माझी संस्थेला नम्र विनंती आहे. आठवी आणि नववीच्या वर्गांना वर्षातून चार तास या कामासाठी द्यावे. चित्रकला, विज्ञान, भूगोल आणि मराठी यांच्या शिक्षकांनी ते वाटून घ्यावे, म्हणजे कोणा एकाच्या वेळापत्रकावर बोजा पडणार नाही. दहावी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, तिचा निदान या चार तासांपुरता अपवाद करावा. पुढच्या स्नेहसंमेलनात शाळेची एक भिंत या चित्रांना द्यावी. त्यांच्याखाली शीर्षक लिहू नये, नंबर लावू नये, पहिला-दुसरा काढू नये. मुलाचे नाव आणि इयत्ता पुरे.

पालकहो, त्या दिवशी आपण या. आपल्या मुलाच्या कागदापुढे उभे राहा. 'कशाचे' असे विचारू नका. डावीकडे काय दिसते, उजवीकडे काय दिसते, कोठे दाट आहे, कोठे मोकळे आहे, एवढे त्याच्याशी बोला. आपल्या कामधंद्यातला जो शब्द तेथे आठवेल तो बिनदिक्कत वापरा. आम्ही शिक्षक जवळच उभे राहून तो लिहून घेऊ.